धोंडूबाईची राहिलेली आंघोळ

गावात बाईमाणूस गेलं की निरोप आधी धोंडूबाईकडे जायचा. नेरूळच्या मार्केटात ती मांदेली निवडत बसलेली असो की गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असो, निरोप कानावर पडला की कोयता खाली ठेवायचा, शेजारणीला "वाईच पाटी बघ गो" म्हणायचं आणि पदर खोचून निघायचं. समोरचं गिऱ्हाईक भाव अर्धवट सोडून तोंड वासून उभं. कुणी विचारलंच, "मावशी, चाललात कुठे?" तर ती सरळ सांगायची, "मयताला आंघोल घालाया." गिऱ्हाईक चटकन मागे सरकायचं. धोंडूबाईला त्याची भारी गंमत वाटायची.

खाडीकाठचं ते जुनं कोळ्यांचं गाव. भोवती टॉवर उठले, होड्या लागायच्या तिथे जॉगिंग ट्रॅक आला, घरांवर घरं चढून गल्ल्यांत ऊन पडायचं बंद झालं. पण गेलेल्या बाईला गावच्याच बायकांनी न्हाऊ घालायचं हा रिवाज काही हलला नाही. त्यात पुढाकार दोघींचा, धोंडूबाई आणि तिची मैत्रीण मुक्ताबाई. एकीनं मान धरायची, दुसरीनं पाणी घालायचं, केस सोडून धुवायचे, हळद लावायची, लुगडं नेसवायचं. नव्या सुना भिंतीला पाठ लावून उभ्या असत. "भितंस कनाला?" धोंडूबाई त्यांना म्हणायची. "जित्ती व्हती तवा हिचा तोंड आइकला नाय का? तवा भ्याली नायस, मंग आता काय भितंस?" मयताच्या घरात असं बोलणारी दुसरी कुणी असती तर लोकांनी तिला हाकलून दिलं असतं. धोंडूबाईला कुणी काही म्हणत नसे, कारण आज ना उद्या ती आपल्याही घरी लागणार हे प्रत्येकाला माहीत होतं.

तिचा एकुलता एक मुलगा निकेश मात्र या कामाला लाजायचा. लहानपणी आई मयतावरून आली की तो तिच्या हातचं खायचा नाही. ती डोक्यावरून न्हालेली असायची, हात साबणानं घासघासून धुतलेले असायचे, तरी नाही. "अजून एकदा धू," म्हणायचा. ती हसत पुन्हा मोरीत जायची. बाप लवकर गेला होता, त्यामुळे असले नखरे केल्यावर पाठीत धपाटा घालणारं घरात कुणी नव्हतं.

पुढे तो बीकॉम झाला, उरणकडच्या एका कंटेनर यार्डात चिकटला, सुपरवायझर झाला, खांदेश्वरला फ्लॅट घेऊन बायकोला, हेतलला, तिकडे घेऊन गेला. सोसायटीत कुणी आईबद्दल विचारलं तर "आईचा फिश बिझनेस आहे" असं सांगायचा. दुसऱ्या कामाचं नाव काढायचा नाही. एवढं सोडलं तर मुलगा वाईट नव्हता. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल बरं बोलायला फारशी जागा मिळणार नाही.

धोंडूबाईचं काही बिघडलंय हे आधी मार्केटात कळलं. ती पापलेट मांदेलीच्या भावात देऊ लागली. गिऱ्हाइकांनी अर्थातच तोंडातून चकार शब्द काढला नाही. मग एकदा मयताला पाणी घालायला बसली आणि थांबेचना. हंडा रिकामा झाला तरी तांब्या बुडवतेय, ओततेय, पुन्हा बुडवतेय. मुक्ताबाईनं तिचा हात धरला. "झाला गो, झाला. न्हाली ती." तिला हाताला धरून भिंतीशी नेऊन बसवलं. त्यानंतर धोंडूबाईला निरोप येणं बंद झालं.

निकेशनं तिला मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. विसरण्याचा आजार आहे, मेंदू हळूहळू झडत जाणार, औषधानं वेग कमी झाला तर झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथेच श्रुती भेटली. मेंदूवर संशोधन करणाऱ्या गटात होती ती, तिशीची, बारीक अंगाची, अतिशय हळू बोलणारी. तिनं धोंडूबाईच्या समोर स्टूल ओढून बसत विचारलं, "आजी, तुम्ही गेल्यावर तुमचा मेंदू आम्हाला अभ्यासाला द्याल का? या आजारात आत नेमकं काय होतं ते कळायला उपयोग होईल." जिवंत माणसाला तोंडावर असं विचारणारी ही बया कोण, म्हणून निकेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धोंडूबाईला काहीच वाटलं नाही. तिला तेव्हा बरंचसं समजत होतं.

"मेल्यावं ना?" तिनं खात्री करून घेतली.

"हो आजी, मेल्यावरच."

"मंग घे गो बाय. मी काय त्याचा लोनचा घालनार हाय? पन बाकीचा अंग पोराला परत दे. गावच्या बायका वाट बघतील." मग निकेशकडे वळून म्हणाली, "तू मागून नाय बोलू नको हां. तुला तशी सवय हाय."

खांदेश्वरला ती टिकली नाही. लिफ्टमध्ये शिरायची आणि भलत्याच मजल्यावर उतरून लोकांची दारं बडवायची. सोसायटीच्या सेक्रेटरीनं दोनदा निकेशला बाजूला घेऊन समजावलं. शेवटी त्यानं तिला परत गावच्या घरी आणून ठेवलं. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती, पण खरं बघायची ती मुक्ताबाईच. सकाळ-संध्याकाळ यायची, भात कालवून घास भरवायची, वेणी घालायची, उष्टं तोंड आपल्याच पदराला पुसायची. धोंडूबाई तिला कधी ओळखायची, कधी "कोनाची गो तू?" विचारायची. "तुझीच," मुक्ताबाई म्हणायची आणि पुढचा घास द्यायची. निकेश रविवारी यायचा, बिस्किटांचे पुडे ठेवायचा आणि "काकी, तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही," असं दर रविवारी न चुकता म्हणायचा.

धोंडूबाई न्यूमोनियानं गेली, हॉस्पिटलात. निकेशनं स्वतः श्रुतीला फोन केला. आईला दिलेला शब्द त्यानं पाळला. इथपर्यंत तो सरळ वागला.

शवागाराबाहेरच्या बाकड्यावर तो बसला होता, आत श्रुतीची माणसं त्यांचं काम करत होती, आणि गावातून देवजीचा फोन आला. देवजी म्हणजे शेजारच्या घरातला, लहानपणापासूनचा दोस्त. "कवा आनतंस? मुक्ताकाकीनं पानी तापवाया ठेवलाय. बायका जमल्यात सगल्या."

निकेशच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. मुक्ताबाई आईचे केस सोडतेय, पाणी ओततेय, डोक्यातून बोटं फिरवतेय, आणि बोटांना टाके लागताहेत. ती किंचाळणार. मग गाव म्हणणार, निकेशनं आईचं डोकं फोडायला दिलं. काहीतरी घेतल्याशिवाय का कुणी देतं, असंही कुणीतरी म्हणणारच. आणि निकेश बोलून गेला, "अरे देवजी, बॉडी घरी नाय आनता येनार. मेंदूत इन्फेक्शन झालेलं. पसरनारं हाय. हॉस्पिटलवाल्यांनी पॅक करून दिलीय. डायरेक स्मशानात आनतो. कुनी हात लावायचा नाय बोललेत."

करोनात गावानं अशी प्लॅस्टिकात बांधून आलेली माणसं पाहिली होती. देवजीनं काहीच शंका घेतली नाही. "बरा, बरा," म्हणाला आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलनं धोंडूबाईला स्वच्छ पांढऱ्या चादरीत दिलं होतं. प्लॅस्टिक निकेशनं स्वतः आणलं. पावसाळ्यात गॅलरीला लावतात तसलं जाड प्लॅस्टिक, समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून, मीटरवर. शववाहिकेच्या ड्रायव्हरला सांगितलं, गावाची चाल आहे आमच्या. ड्रायव्हरनं गुंडाळायला मदत केली.

बायका स्मशानात जात नाहीत. मुक्ताबाई गेली. हातात पाण्याची कळशी, पदराच्या गाठीत हळद. घरी नाही तर नाही, निदान तिथे चार तांबे घालीन म्हणून आली होती. निकेश पुढे होऊन आडवा उभा राहिला. "काकी, लांब राहा. तुमच्यासाठीच सांगतोय." तुमच्यासाठीच, असं म्हणाला तो! मुक्ताबाई फाटकाशी थांबली. चिता पेटेपर्यंत कळशी कडेवर धरून उभी राहिली आणि मग भरलेली कळशी तशीच घेऊन घरी परतली. हेतल फाटकाबाहेरच, थोड्या अंतरावर होती. मेंदू दिल्याचं तिला माहीत होतं, त्यामुळे प्लॅस्टिक पाहिल्यावर तिला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाली, "सांगून टाका." त्यानं "बघू" म्हटलं.

बघू म्हटलेली गोष्ट किती लांबते हे काय कुणाला वेगळं सांगायला हवं? दहाव्याला माणसं आली, पण निकेशच्या घरातलं पाणी कुणी प्यायलं नाही. धोंडूबाईच्या गोधड्या जाळल्या. आणि मग गावाला आठवलं की मुक्ताबाई रोज तिला भरवत होती, तिचं तोंड आपल्या पदराला पुसत होती.

निकेशला हे कळलं ते मार्केटात. मुक्ताबाईची सून रुतिका तिथे कोलंबी विकायला बसायची. एका रविवारी तो कोलंबी घ्यायला गेला तर तिनं सोलता सोलता सांगितलं, "आमच्या आई आता घरातच असतात भावोजी. ताट-वाटी वेगली केलीय त्यांची. मलाच बरं नाय वाटत, पन घरात लहान पोरं हायत ना, टेन्शन येतं. मयताला पन कोन बोलवत नाय आता त्यांना. दोन मयतं झाली, ओट्यावरच बसून होत्या."

हीच वेळ होती. समोर रुतिका, मध्ये कोलंबीची पाटी, आणि तोंडातून एवढंच काढायचं होतं की तसं काही नव्हतं. निकेश काय म्हणाला? "टेस्ट करून घ्या ना एकदा."

"केली. नॉर्मल आली. पन डॉक्टरला तरी काय टेस्ट करायची कलनार, रोगाचं नावच कुनाला म्हाईत नाय. तुमाला सांगितलेलं का हॉस्पिटलात नाव?"

"काहीतरी लांबलचक होतं," असं म्हणून निकेश कोलंबी घेऊन निघाला. त्या दिवशी जेवताना त्याला घास गिळवेना. हेतलनं विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी. खोट्याचं एक बरं असतं, एकदा सवय झाली की लहानसहान खोटं आपोआप येतं.

मग श्रुतीचा फोन आला. तुमच्या आईंच्या मेंदूवरचं काम बरंच पुढे गेलंय, बघायचं असेल तर या, तुम्हाला दाखवायला आवडेल, असं म्हणाली. निकेशला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायची सवय असल्याचं आई त्या पोरीसमोरच बोलली होती, म्हणून गेला.

श्रुतीनं त्याला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आधी त्याला नुसते तपकिरी ठिपके दिसले. मग तिनं काहीतरी फिरवलं आणि ठिपक्यांना हात फुटले.

"ही हातपाय पसरलेली दिसते ना, ही मायक्रोग्लिया," ती म्हणाली. "अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात ना, तशा या मेंदूतल्या राखणदार पेशी. आणि तिच्या कुशीत ती गोल, आक्रसलेली दिसते, ती मेलेली पेशी. पेशी मरायला लागली की तिच्या अंगावर एक खूण वर येते, मला घेऊन जा म्हणून. ही राखणदार ती खूण ओळखते, हात पुढे करते, तिला चहूबाजूंनी कवेत घेते, आणि मग आत घेऊन जिरवून टाकते. गाजावाजा नाही. शेजारच्या पेशींना धक्कासुद्धा लागत नाही."

"आणि नाही नेलं तर?" काहीतरी विचारायला हवं म्हणून निकेशनं विचारलं.

"तर ती फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं, सूज येते, आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशी आजारी पडतात. मेलेल्याला नीट पोचवणं हे खरं तर जिवंतांसाठीच असतं."

निकेशनं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. काढला असता तर तिला चेहरा दिसला असता.

श्रुती रंगात आली होती. या पेशी फक्त मेलेल्यांचं बघतात असं नाही, ती सांगत होती, एरवीही स्वस्थ बसत नाहीत. सारखे हात लांबवून शेजारच्या पेशींना लावून बघतात, बरी आहेस ना म्हणून. कुठे काही कमी पडलं तर पोसणारी द्रव्यं सोडतात. लहानपणी तर मेंदूची जडणघडणसुद्धा यांच्या मदतीनं होते. फक्त म्हातारपणात आणि या आजारात त्या थकतात, काही तर बिथरून चांगल्या पेशींवरच उठतात. "तुमच्या आईंच्या मेंदूत दोन्ही दिसतं. पुष्कळ ठिकाणी थकलेल्या आहेत. पण इथे बघा, इथे शेवटपर्यंत काम चालू होतं. एका माणसावरून आम्ही काही ठरवत नाही, अजून खूप मेंदू बघावे लागतील. पण हे बघायला मिळालं ते त्यांच्यामुळे."

निकेशला आई दिसली, मयताची मान एका हातावर घेऊन बसलेली. तिच्या डोक्यात, तिलाही न कळता, जन्मभर हेच काम चाललं होतं. आणि त्या डोक्याला कुणाचा हात लागू नये म्हणून त्यानं दुकानातून प्लॅस्टिक आणलं होतं.

"टाके आम्ही कानांमागून घातले होते, केसांच्या खाली," श्रुती म्हणाली. "केस धुतानाही सहसा कुणाला कळत नाही. गावच्या बायका वाट बघतील, असं आजी म्हणाल्या होत्या ना, ते माझ्या लक्षात होतं. काही अडचण नाही ना आली?"

"छे छे," निकेश म्हणाला. "सगळं व्यवस्थित झालं. गावात कौतुकच केलं सगळ्यांनी."

श्रुतीचा चेहरा फुलला. "बरं वाटलं ऐकून," म्हणाली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं निकेशला झालं. पण धरणी असल्या वेळी कधी मदतीला येत नाही. त्यानं चहा घेतला, थँक यू म्हटलं आणि जिना उतरून खाली आला. खाली आल्यावर त्याला रडू फुटलं. पार्किंगमधला वॉचमन पाणी घेऊन आला, त्याला वाटलं याचं कुणीतरी आत्ताच गेलं.

घरी येऊन त्यानं हेतलला सगळं सांगितलं. टाके कानांमागे होते, कळलंही नसतं, हेही सांगितलं. हेतलनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काय सांगता? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि उठून कुकर लावायला गेली.

तरीही तो लगेच गेला नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हणाला, आणि त्या रविवारी यार्डात काम निघालं. काम खरंच निघालं होतं, पण दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं.

अशातच देवजीचा फोन आला. त्याची आई, सरस्वती, सकाळी गेली होती. निकेश तसाच यार्डातून निघाला.

देवजीच्या दारात पुरुष खुर्च्या टाकून बसले होते. आत बायका होत्या. समोर, गल्लीपलीकडच्या आपल्या घराच्या ओट्यावर मुक्ताबाई एकटी बसली होती. केवढी वाळली होती! तिच्या आणि देवजीच्या दारामध्ये हाकेचंही अंतर नव्हतं, पण ती उठून आली नव्हती आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं. निकेशला पाहून तिनं मान हलवली. कधी आलास, असं विचारल्यासारखी.

आत काहीतरी अडलं होतं. सगळ्या तरुण सुना, कुणाला काही नीट येत नव्हतं. आधी कुणी धरायचं यावर कुजबुज चालली होती. पाणी तापवून ठेवलेलं गार झालं म्हणून पुन्हा तापवायला ठेवलं. रुतिका बादली घेऊन दारात आली आणि देवजीच्या बायकोला हळूच म्हणाली, "आमच्या आईंना बोलवायचं का?"

"नको गो, नको," आतून कुणीतरी म्हणालं. "पोरं हायत घरात."

हे मुक्ताबाईलाही ऐकू गेलं. तिनं नजर दुसरीकडे वळवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

निकेश उठला. "देवजी," तो म्हणाला, आणि आवाज असा निघाला की खुर्च्यांवरचे सगळे वळले. "काकीला काय पन झालेला नाय. तिला बोलव. माझ्या आयशीला पसरनारा रोग नव्हताच. मी खोटा बोललो."

"म्हंजे?" देवजीनं विचारलं.

"आयशीनं मेंदू दिलेला डॉक्टरांना. शिकायला. तिनंच दिला, मी नाय. मना सांगितलेला, नाय बोलू नको. डोक्याला टाके व्हते. तुमी बघाल, बोलाल, म्हून... मना लाज वाटली."

"डोका उघडला?" देवजीचा म्हातारा काका सिताराम म्हणाला.

"हां, काका."

गलका होईल अशी निकेशची अपेक्षा होती. इतके महिने तो त्याच गलक्याला भीत होता. सितारामनं फक्त विचारलं, "मंग, काय सापडला त्यांना?"

"आपल्या डोक्यात पेशी असतात," निकेश म्हणाला. "बारीक, हातपाय असलेल्या. आतला कोन मेला तर त्याला कवलून नेतात. जे जित्ते हायत त्यांना हात लावून बघत बसतात, बरे हायत का म्हून. आयशीच्या डोक्यात त्या शेवटपर्यंत काम करत व्हत्या. मना दाखवला त्यांनी."

"धोंडी तशीच व्हती," सिताराम म्हणाला, आणि एवढ्यावर त्याचं मेंदूदानाबद्दलचं सगळं बोलणं संपलं.

देवजीचं मात्र संपलं नव्हतं. "आन प्लॅस्टिक?" त्यानं विचारलं. "तो कुनी बांधलेला?"

"मीच आनला."

देवजीनं तोंड फिरवलं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या, कानाखाली एक ओढली असती, तर निकेशला बरं वाटलं असतं. तो आपल्या आईच्या मयतात बसला होता आणि निकेशकडे बघायचीही त्याची इच्छा नव्हती. खुर्च्यांवरचे बाकीचेही एकेक करून दुसरीकडे बघायला लागले.

रुतिकानं बादली तिथेच खाली ठेवली. ती गल्ली ओलांडून सासूच्या समोर जाऊन उभी राहिली. तिनं वेगळं ठेवलेलं ताट, वेगळी ठेवलेली वाटी, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आई, चला," एवढंच कसंबसं म्हणाली.

मुक्ताबाईनं सगळं ऐकलं होतं. त्या गल्लीत कुणाचं काही ऐकू येत नाही असं नाहीच. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पदर खोचला आणि आली. निकेश पाया पडायला वाकला तशी तिनं पाय मागे घेतले.

"मंग तिला आंघोल कुनी घातली?" तिनं विचारलं.

"कुनी नाय, काकी."

"तोंड तरी पुसला?"

निकेशनं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "नाय," तो म्हणाला.

ती रागावली नाही. तो ज्याची तयारी करून आला होता त्यातलं काहीच तिनं केलं नाही. "हां," म्हणाली आणि त्याच्या बाजूनं आत गेली. आत गेल्या गेल्या तिनं कुणाला तरी पाणी बघायला सांगितलं, कुणाला पाट सरळ ठेवायला सांगितलं, आणि दार लोटलं.

आतून तांब्या बुडवल्याचा आवाज आला, आणि मागोमाग मुक्ताबाईचा. ती सुनांशी बोलत नव्हती. "सरस, पानी कोमट हाय गो," ती म्हणत होती. "मान टाक माझ्या हातावं. हां, अशी. आता डोक्यावरनं घालते. डोले मीट, साबन जाईल."

मयताला न्हाऊ घालताना असं बोलतात हे निकेशला माहीत नव्हतं. जन्मभर आईनं हे काम केलं, पण तो कधी आत गेला नव्हता, दाराशीही थांबला नव्हता. आता तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि सगळं ऐकत राहिला, पाय धुतले ते, केस पिळले ते, हळद लावली ते. मुक्ताबाई प्रत्येक गोष्ट आधी सरस्वतीला सांगायची आणि मग करायची. त्याच्या आईला डोळे मीट म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.